मानधन नाही, पण टाळ्या मिळतील

शनिवारी कार्यक्रम झाला, आज मंगळवार, आणि त्या काळ्या टेपचा अर्धा रोल अजून माझ्या पर्समध्ये तसाच पडून आहे. लिहीन लिहीन म्हणत तीन दिवस गेले. कार्यक्रम छान झाला हे ग्रुपवर सगळ्यांचं लिहून झालंय, फोटो टाकून झालेत, अंगठे दाखवून झालेत, आणि खरंच छान झाला, त्यात वाद नाही. मला मात्र त्यातलं एक काहीतरी टोचतंय आणि ते ग्रुपवर लिहिण्यासारखं नाही, म्हणून इथे.

तर झालं असं की आमच्या ओळखीतले काही लोक मिळून एक केंद्र चालवतात. घरी कुणी आजारी असलं की व्हीलचेअर, वॉकर, वर-खाली होणारी खाट, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलं सगळं तिथून न्यायचं आणि गरज संपली की परत आणून द्यायचं. ज्यांच्या घरी अशी वेळ आलीय त्यांना हे काय आहे ते लगेच कळेल, दोन महिन्यांसाठी खाट विकत घ्यायची आणि मग माणूस बरा झाला तरी आणि नाही झाला तरी त्या खाटेकडे बघत बसायचं. मागणी वाढली, वस्तू कमी पडायला लागल्या, तेव्हा एखादा कार्यक्रम करून निधी जमवू असं ठरलं. नावाजलेला गायक आणायचा तर सगळा निधी त्याच्यातच जाणार, मग कुणीतरी म्हणालं की नवीन मुलामुलींना बोलवू, लोकगीतं गाणारे, आपली गाणी आपणच लिहून गिटारवर म्हणणारे, इंडी की काय म्हणतात ते, त्यांनाही स्टेज मिळेल. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे आधीच कबूल करते, कारण तो मेसेज मीच टाईप केला होता. मानधन देता येणार नाही पण चांगलं ऑडियन्स आणि एक्स्पोजर मिळेल, पुढे हात जोडल्याचा इमोजी.

सात जणांनी हो म्हटलं. त्यातल्या एकाचा रिप्लाय असा होता, "नक्की येतो ताई. फक्त येण्याजाण्याचं काही होईल का? नाही झालं तरी चालेल." मी कमिटीत विचारलं, कमिटी म्हणाली एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल, मी त्याला कळवलं की बघते, आणि मग बघायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय.

माझ्याकडे काम आलं स्टेजचं. एकाचं झालं की त्याचं सामान उचलायचं, दुसऱ्याचं लावायचं. ऐकायला सोपं वाटतं. आम्ही वेळापत्रक केलं तेव्हा हिशेब असा की सात जण, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे दोन तास वीस मिनिटं, झालं. साउंडवाल्या काकांनी तो कागद बघितला आणि विचारलं, "आणि मधे काय, माणसं हवेत विरघळणार का?" मग बोटं मोजली, सात जणांमध्ये सहा बदल, एकेकाला दहा मिनिटं धरली तरी वरचा एक तास कुणीच धरला नव्हता. काकांनीच उपाय सांगितला. ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, तालवाद्य, स्टँड सगळ्यांना एकच, कुणी आपापलं लावत बसायचं नाही, आणि साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधी प्रत्येकाचा आवाज लावून बघणं, उलट्या क्रमाने करायचा. जो शेवटी गाणार त्याचा पहिला, आणि जो पहिला गाणार त्याचा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याचं सामान जागेवरच राहतं आणि पडदा उघडला की सुरू. इतकी साधी गोष्ट, पण मला आयुष्यात कधी सुचली नसती. मग प्रत्येकाचा माइक स्टँड कुठे उभा राहतो तिथे मी जमिनीवर टेपचे तुकडे चिकटवले आणि त्यावर पेनाने नंबर घातले. तोच हा टेप.

साउंडचेकमधली एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एक मुलगा लॅपटॉपवरून मागचं संगीत वाजवणार होता, त्याने लॅपटॉप जोडला आणि सगळ्या स्पीकरमधून घूंऽऽऽ सुरू झालं. काका न बघताच म्हणाले चार्जर काढ. काढला, आवाज गायब. लावला, परत घूं. त्यांचं म्हणणं असं की विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो, चार्जरचं अर्थिंग एकीकडे आणि साउंडच्या मिक्सरचं दुसरीकडे असलं की वायरींचा एक फेरा तयार होतो आणि तीच ५० हर्ट्झची गुणगुण स्पीकरमधून ऐकू येते. ते हे समजावत असताना लोकगीतं म्हणणारी मुलगी हार्मोनियम पुढ्यात घेऊन तो सूर शोधत बसली होती. "काका, हे पांढरी पाचच्या जरा वर आहे आणि काळी चारच्या खाली. पेटीत सापडत नाही." मग तिने पेटी बंद केली आणि नुसत्या गळ्याने बरोबर त्या मधल्या सुरावर एक ओळ लावली, त्या घूंच्या वर, तानपुऱ्यासारखं. आम्ही दहा-बारा जण होतो रिकाम्या हॉलमध्ये, खुर्च्या लावणारे थांबले, मी टेप तोंडात धरून उभी. अर्धा मिनिट असेल. मग काकांनी चार्जर काढला आणि ती हसत सुटली. संध्याकाळी तिने तीच ओळ पेटीवर व्यवस्थित म्हटली, टाळ्या पडल्या, पण त्या दुपारचं काही वेगळंच होतं.

त्यानंतर बराच वेळ रिकाम्या हॉलच्या आवाजाशी झटण्यात गेला. रिकामा असताना आवाज भिंतींवर आपटून घुमतो, गाण्यातले शब्दच कळत नाहीत, आणि मी घाबरून सारखी सांगतेय काका घुमतंय, काका घुमतंय. ते म्हणाले माणसं येऊ दे, माणसं म्हणजे चालते-बोलते पडदे असतात, कपडे-अंगं आवाज शोषून घेतात. आणि खरंच, संध्याकाळी हॉल भरला तेव्हा तेच गाणं स्वच्छ ऐकू आलं. मनात म्हटलं, बरं झालं तिकिटं खपली, नाहीतर साउंडसुद्धा वाईट झाला असता.

माझी फजितीही लिहून टाकते. स्टेजच्या बाजूला एक लाकडी खोका होता, गुडघ्याएवढा, मागे गोल भोक असलेला. प्रमुख पाहुणे दहा मिनिटं आधीच विंगेत आले, खुर्ची नव्हती, मी तो खोका पुसून पुढे केला, बसा ना. ते बसले. तेवढ्यात एक मुलगा धावत आला, बोलायची सोय नाही, नुसता हातवारे करतोय. तो खोका म्हणजे काहोन, त्याचं वाद्य! मी मेल्याहून मेल्यासारखी झाले, पण तो गुणी निघाला, म्हणाला राहू द्या ताई, याच्यावर बसूनच वाजवतात. नंतर त्याने सांगितलं की हे वाद्य पेरूमधलं, तिथे आफ्रिकेतून आणलेले गुलाम मालाचे लाकडी खोके वाजवायचे, त्यातून हे आलं. म्हणजे मी त्याला खोका समजले ते अगदीच चूक नव्हतं असं मी स्वतःची समजूत घातली. पाहुण्यांनी बसल्या बसल्या बोटांनी दोन टपल्या मारून बघितल्या आणि ते एकदम खूश, भाषणसुद्धा लहान केलं बिचाऱ्यांनी.

आता गाण्यांबद्दल. सगळीच काही ग्रेट नव्हती, उगाच कशाला. एकाने तीन गाणी म्हटली आणि तिन्ही मला एकच वाटली, प्रत्येकात कुणीतरी खिडकीत बसलंय आणि कुणीतरी निघून गेलंय. आणखी एकजण स्टाईल म्हणून माइकची जाळीच मुठीत धरून गात होता आणि माइक सारखा शिट्टी मारत होता, काका हातातला टॉर्च हलवून खूण करतायत, तो समजतोय लोक लाईट हलवतायत म्हणून अजून जोशात. कारण असं की तो माइक पुढचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो, म्हणून तर गायकाला ऐकू यायचा स्पीकर माइकच्या पाठीमागे ठेवतात, पण जाळी मुठीत धरली की ती सोयच बंद, मग तो सगळीकडचा आवाज घ्यायला लागतो, स्पीकरचासुद्धा, तो परत स्पीकरमध्ये, परत माइकमध्ये, आणि कुईंऽऽ. शेवटी मीच वाकत वाकत जाऊन त्याला सांगितलं. सुधारला.

लोकगीतांवाल्या दोघांचं एक मस्त झालं. ती पेटीवाली मुलगी आणि डफ घेऊन आलेला एक मुलगा, दोघांची एकमेकांशी ओळखदेख नाही, आणि विंगेत कळलं की दोघंही एकच गाणं म्हणणार आहेत. शब्द जवळजवळ तेच, चाल वेगळी, आणि तिच्या गाण्यात शेवटी नवरी परत येते तर त्याच्या गाण्यात येतच नाही. निवेदक टेन्शनमध्ये, ओरिजिनल कुठलं ते सांगा, तेवढंच ठेवू. दोघंही एकदम म्हणाले, माझ्या आजीचं ओरिजिनल! आता यात ओरिजिनल काय असणार. हार्वर्डमधल्या फ्रान्सिस जेम्स चाइल्ड नावाच्या प्राध्यापकांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडची ३०५ जुनी कथागीतं छापली, आणि त्यांनी एकेका गाण्याचे मिळतील तितके पाठ शेजारी शेजारी ठेवले, कुठल्या एकाला खरं ठरवत बसले नाहीत. आम्हीही तेच केलं, म्हणजे ठरवून नाही, वेळच नव्हता. दोघांनी लागोपाठ म्हटलं. दुसऱ्या वेळी नवरी परत आली नाही तेव्हा हॉलमध्ये जी शांतता झाली ती पहिलं ऐकल्यामुळेच झाली.

तो डफवाला गायच्या आधी डफ तापवून आला होता, तरी हॉलच्या एसीत कातडं परत सैल पडलं, तो हाताने घासून घासून सूर चढवत होता, दोन-चार थापा, परत घासणं, आणि लोकांना वाटलं हेच सुरू झालं. टाळ्या! मला एकदम रविशंकर आठवले. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी त्यांनी आणि बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनने जो कार्यक्रम केला, त्यात सतार-सरोद नुसते जुळवून झाले तर लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ते म्हणाले की जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. आमच्या मुलाला असलं काही सुचलं नाही, तो नुसता लाजला आणि मान खाली घालून वाजवायला लागला.

आणि मग तो आला, येण्याजाण्याचं विचारलेला. त्याचा नंबर सहावा. दोन बस बदलून आला होता, गिटारची बॅग पाठीला, बॅगची चेन तुटलेली म्हणून दोरीने बांधलेली. विंगेत वाट बघताना आम्ही बोलत होतो, मी विचारलं तुझं गाणं कुठे ऐकायला मिळेल, तो म्हणाला स्पॉटिफायवर आहे, मी म्हटलं अरे वा म्हणजे पैसे पण मिळत असतील. त्याने सांगितलं की २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत निदान १,००० वेळा ऐकलं गेलं तरच त्या गाण्याचे पैसे सुरू होतात. "माझं नऊशे साठवर अडकलंय ताई. चाळीस वेळा आईला ऐकायला सांगू का?" आणि हसला. मी पण हसले.

दुसऱ्या गाण्यात त्याची तार तुटली. टण्ण झालं, सगळ्यात बारीक तार, गालाला लागली असावी कारण त्याने एक क्षण डोळे मिटले. जादा तार नव्हती. नवीन सेट घ्यायचा होता पण, असं काहीतरी तो माइकमध्येच पुटपुटला, आणि मला एकदम तो बघते म्हणून लिहिलेला मेसेज आठवला. बाकीच्या पाच तारांवर त्याने ते गाणं संपवलं, जिथे ती तार लागायची तिथे तो नुसतं तोंडाने म्हणत होता. मग लॅपटॉपवाल्या मुलाने आपली गिटार आणून दिली आणि तिसरं गाणं त्यावर झालं. मला विचाराल तर सगळ्या संध्याकाळीत तेच एक गाणं होतं जे मी घरी जाताना गुणगुणत होते, पाच तारांवालं.

कार्यक्रम संपल्यावर दाराशी पारदर्शक पेटी ठेवली होती, जाता जाता ज्याला वाटेल त्याने टाकावं. मी टेप उकरत बसले होते, तिथून दार समोर दिसत होतं. तो मुलगा बाहेर पडला, थांबला, गिटार भिंतीला टेकवली, खिशातून एक नोट काढली, घडी केलेली, ती उलगडून पेटीत टाकली. मग परत गिटार पाठीला लावली, ती दोरी बांधली आणि गेला. मी उठून काहीतरी म्हणायला हवं होतं. मी टेप उकरत राहिले.

रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर चॅरिटी कॉन्सर्टबद्दल वाचत पडले. १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये हँडेल या जुन्या युरोपियन संगीतकाराच्या एका मोठ्या रचनेचा पहिला प्रयोग झाला तोसुद्धा मदतीसाठीच होता. गर्दी इतकी होणार होती की बायकांना आधीच कळवलं, घेरदार घागऱ्यांचे सांगाडे घालून येऊ नका, आणि पुरुषांना सांगितलं तलवारी घरी ठेवा, म्हणजे जास्त माणसं मावतील. सुमारे ७०० जण आले. पैसे दोन रुग्णालयांना आणि कर्ज न फेडल्यामुळे तुरुंगात पडलेल्यांसाठी वाटले गेले, आणि त्यातून १४२ माणसं सुटली. वाचताना अंगावर काटा आला खरंच. आणि मग पुढे वाचलं की तिथल्या पेपरात कलाकारांचं कौतुक छापून आलं होतं, की यांनीही काही घेतलं नाही, लोकांच्या टाळ्यांवरच समाधान मानलं. झालं. म्हणजे माझा मेसेज पावणेतीनशे वर्षं जुना आहे, फक्त हात जोडल्याचा इमोजी माझा.

पण हँडेलचं नाव तोवर झालेलं होतं. १९७१ ला स्टेजवर होते तेही नाव कमावलेले लोक होते, एक संध्याकाळ फुकट वाजवली तर त्यांच्या गिटारला तारा मिळायच्या बंद होणार नव्हत्या. (त्या कार्यक्रमाचेही तिकिटांचे जवळजवळ अडीच लाख डॉलर युनिसेफला गेले ते ठीक, पण नंतर रेकॉर्ड आणि फिल्मचे पैसे अमेरिकेच्या करखात्याच्या भानगडीत कितीतरी वर्षं अडकले, कारण कार्यक्रमाआधी संस्थेच्या नावाने कागदपत्रं केलेली नव्हती. हे मी आमच्या खजिनदारांना मुद्दाम पाठवलं. त्यांनी आपली कागदपत्रं पूर्ण आहेत असं लिहिलं, आणि आहेत, तो माणूस त्या बाबतीत चोख आहे.)

रविवारी हिशेब आला. वाचनात आलेली प्रत्येक ओळ योग्य होती. हॉलचं भाडं. खुर्च्या. साउंड, त्यात काकांनी थोडे कमी केले होते पण घेतले, आणि घ्यायलाच हवेत, त्यांच्याबरोबर दोन पोरं सकाळपासून राबत होती. छपाई. पाहुण्यांचा पुष्पगुच्छ. बॅनर. खुर्च्यांवाल्याला आपण विचारलं का, की खुर्च्यांचं एक्स्पोजर होईल? फुलंवाल्याला? ज्यांच्यासाठी लोकांनी तिकीट काढलं त्या सात जणांची ओळच कुठे नव्हती. आणि शिल्लक चांगली राहिली होती, दोन कॉन्सन्ट्रेटर येतील आणि वर एखादी खाट, म्हणजे त्यातून सगळ्यांचा नुसता प्रवासखर्च काढला असता तर खाट थोडी पुढे गेली असती, बाकी काही नाही. कॉन्सन्ट्रेटर आले असतेच.

मी हे फोनवर एकीला बोलले तर ती म्हणाली, अगं पण त्यांनी आपण होऊन हो म्हटलं ना, आणि दान म्हणजे दान. मला ते पटत नाही. आधी हातात द्या, मग त्याला वाटलं तर तो पेटीत टाकेल, ते दान. त्या मुलाने टाकलेली नोट दान होती. त्याची संध्याकाळ, दोन बस आणि तार, हे त्याने दिलं नाही, आम्ही धरून चाललो. आणि मोठ्या माणसांना नाही म्हणता येतं, नवीन मुलगा नाही म्हणाला तर पुढच्या वेळी त्याला कोण विचारणार, हे आपल्याला माहिती असतं म्हणूनच आपण त्याला विचारतो.

पुढच्या कार्यक्रमाचं बोलणं आत्ताच सुरू झालंय, पहिलाच इतका छान झाल्यामुळे. काल रात्री मी खर्चाचा कच्चा कागद केला आणि पहिली ओळ टाकली, कलाकार, प्रत्येकी मानधन अधिक प्रवास, हॉलच्याही वर. खाली एक ओळ मागच्या सात जणांच्या प्रवासाची, आता देऊ म्हणून. आणि त्या मुलाला मेसेज केला, तुझं जाण्यायेण्याचं किती झालं ते कळव, उशीर झाला त्याबद्दल सॉरी. त्याचा रिप्लाय आला, "अहो ताई असू दे, मजा आली. त्या दादाची गिटार भारी होती." रक्कम काही लिहिली नाही. मी परत विचारलंय.

कागद कमिटीच्या ग्रुपवर टाकून चौदा तास झाले. सगळ्यांनी बघितलाय, निळ्या टिक दिसतायत. खजिनदारांचं टायपिंग दोनदा सुरू होऊन थांबलं.